चवथीसाठी आणलेल्या गोळ्या

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी गणपतीची चवथ जवळ आली की मला तुझी किळस येते. आज साखळी गावातल्या आमच्या औषधाच्या दुकानात तिघी बायका पाळी पुढे ढकलायची गोळी मागायला आल्या. एकीला सासूनं पाठवलं होतं. मी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली तर ती शेजारच्या दुकानात गेली.

तू माझ्याकडे त्या गोळ्या मागितल्यास तेव्हा मी याच दुकानात नवी होते, नुकतीच फार्मसी शिकलेली. आमोण्याच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात तू आदोळीवर नारळ खवत बसली आहेस. "वहिनीची तारीख नेमकी चवथीत येता. गणपती घरात असताना ती भायर बसली तर नेवऱ्या कोण तळतलो? गोळ्यो हाड गो." बाळंतपणानंतर वहिनीच्या पायात रक्ताची गाठ झाली होती, हे तुला ठाऊक होतं. अशा बाईला ही संप्रेरकाची गोळी द्यायची नसते, हे मला ठाऊक होतं. "डॉक्टरांना विचारूया," मी पुटपुटले. "पाळी लांबवूंक डॉक्टर? लाज नाय?" तू मान वर केली नाहीस. मी गोळ्यांची पट्टी आणून दिली.

दिवसातून तीनदा तू वहिनीच्या तळव्यावर गोळी ठेवायचीस, तीर्थ द्यावं तशी, आणि ती निमूट गिळायची. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिची पोटरी टम्म सुजली, संध्याकाळपर्यंत तिला धाप लागली. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "काही गोळ्या चालू होत्या?" पदर सारखा करत तू म्हणालीस, "कायच नाय." वहिनीला बोलायला श्वास पुरत नव्हता. तू पाणी आणायला गेलीस तेव्हा मी डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितलं. "आईनं दिल्या," म्हटलं. गाठ फुप्फुसापर्यंत गेली होती. बाहेर बाकावर तू मला म्हणालीस, "देवाच्या कामात विटाळ झालो नाय, तेवढां बरां झालां." मी तुझ्या शेजारून उठले.

वहिनी वाचली. अजून पायात घट्ट मोजे घालते. गोळीवर माझा राग नाही; अतिरक्तस्रावानं पांढऱ्याफटक पडलेल्या बायका तिच्यामुळे सावरलेल्या मी पाहते. किळस येते ती त्या बाकावरच्या तुझ्या समाधानाची.

गेल्या रविवारी वहिनीनं सहज विचारलं, "त्या गोळ्या आईंना आणून कोणी दिल्या होत्या गो?"

"तिनंच कुठून तरी आणल्या असतील," मी म्हटलं. नाही म्हणायला तू नव्हतीस.