तुझ्या नावाची मूठ

प्रिय रुपा,

काल जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला, म्हणून लिहितोय. नाहीतर मी कुठला लिहिणारा! नववीत शाळा सोडली, तेव्हापासून पेन हातात घेतला तो हजेरीच्या कागदावर सही करायला.

आई म्हणाली, "या वर्षी कानबाईचे रोट होणारेत. मोठ्या बाबांनी भाऊबंदांना विचारून ठरवलं. तू येशील का?"

मला वाटलं होतं, यंदा आपल्या घरी कानबाई बसणार नाही. माणूस गेलं की त्या वर्षी रोट थांबतात ना आपल्यात? आजोबा गेले तेव्हा थांबलेच होते की. मी आईला तेच विचारलं. ती म्हणाली, "पोरीनं रोट अडत नाही म्हणे. ती मुठीत नव्हती."

ताट तसंच ठेवून उठलो, रुपा. दुपारभर मशीनवर सीटांचे कव्हर उलटेच लावत होतो. सुपरवायझर तमिळमध्ये ओरडत होता. काय ओरडत होता कुणास ठाऊक!

तुझी वही माझ्याकडेच आहे. तेराव्याला तुझ्या मॅडम घरी आल्या होत्या, त्यांनी आणून दिली. आईला ती बघवेना, म्हणून मी बॅगेत टाकून इकडे होसूरला घेऊन आलो. वर तुझ्या अक्षरात लिहिलंय, 'सांस्कृतिक मानवशास्त्र, कक्षा ग्यारहवीं'. मला अजून एका दमात म्हणता येत नाही. तू हा विषय घेतलास तेव्हा मी किती हसलो होतो! "कॉम्प्युटर घ्यायचा सोडून हे काय? माणसं काय शिकायची असतात का?" तू म्हणाली होतीस, "भाऊ, वर्गात आम्ही सहाच जणी आहोत, पण मजा येते. मॅडम म्हणतात, अपने घर को ऐसे देखो जैसे पहली बार आए हो."

मी म्हटलं, "मी तर तसाच येतो घरी." तेव्हा मला तो मोठा विनोद वाटला होता.

डाव्या पानावर जे दिसलं ते लिहायचं आणि उजव्या पानावर जे वाटलं ते. मॅडमनी शिकवलेली ही रीत तू फोनवर मला समजावून सांगायचीस, आणि मी हं हं करत दुसरंच काही करत असायचो. आता वाचतोय. तुझी शाळा हिंदी, म्हणून हिंदीत लिहिलंयस, मी मनात आपल्या बोलीत करून वाचतो. हळूहळू वाचतो, बोट ठेवून.

डाव्या पानावर तू लिहिलंयस: 'श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू धरतात. मूठ घरातला सगळ्यात मोठा पुरुष धरतो. गहू निवडतात बायका. दळतात बायका. पुरणपोळ्या करतात बायका. बायकांच्या नावाची मूठ नसते.'

एवढंच. कुठं तक्रार नाही, काही नाही. समोरचं उजवं पान कोरं आहे.

ते कोरं का राहिलं, हे मला माहीत आहे. मी होतो ना तिथं!

मागच्या वर्षी, चार वर्षांत पहिल्यांदा, मी कानबाईला घरी आलो होतो. तू वही घेऊन पाटाजवळ बसलीस. मोठे बाबा गहू धरत होते. प्रत्येक नावाला तू वहीत रेघ मारत होतीस. त्यांनी विचारलं, "काय ओ मास्तरीणबाई, कानबाईची हजेरी घेताय का?" सगळे हसले. तूही हसलीस. मग तू म्हणालीस, "मोठे बाबा, पुरुष नऊ आहेत. मुठी दहा कशा?"

मोठ्या बाबांनी सुनेच्या पोटाकडे मान हलवली. वहिनीला तेव्हा तिसरा महिना होता. "त्याची. मुलगा असला तर मागून घोळ नको."

"आणि मुलगी असली तर?"

"तर कानबाई माफ करील."

तू वही खाली ठेवलीस. "जो अजून जन्मला नाही त्याची मूठ आहे. मी सोळा वर्षांची इथं बसलेय. कालचे सगळे गहू मीच निवडले. माझी एक धरा ना."

आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी. बाबा खाली बघत होते. आणि तू माझ्याकडे बघितलंस. "भाऊ, तू बोल ना. तुझं ऐकतील."

मी काय बोललो, रुपा? मी म्हणालो, "हिला शाळेतून काढा. डोकं फिरलंय हिचं."

कुणी सांगितलं होतं मला असं बोलायला? वर्षानुवर्षं बाहेर राहणारा मी, मला वाटलं, आपण जुन्या माणसांच्या बाजूनं बोललो की आपण घरचे ठरू. सगळे मोकळे होऊन हसले. मोठ्या बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तू उठून पुरण वाटायला गेलीस.

दिवाळीनंतर तुझा फोन आला. "भाऊ, प्रोजेक्ट अर्धा राहिलाय. एक मुलाखत पाहिजे. एकच प्रश्न आहे. मुठीत मोजलं जातं तेव्हा कसं वाटतं?" मी म्हटलं, "कामावर आहे, नंतर कर." कामावर नव्हतो गं. खोलीवर लोळत होतो. तू पुन्हा फोन केला नाहीस. तुला राग आला होता का? का परीक्षा आली म्हणून राहून गेलं? एकदा तरी सांग ना म्हणायचंस, हट्ट करायचास! लहानपणी आपल्या गावातल्या लालबागच्या बाजारात कुल्फीसाठी रस्त्यावर बसायचीस, तसं बसायचं होतंस.

मग कावीळ झाली आणि पाच दिवसांत संपलं सगळं. मी गाडीतच होतो. आलो तेव्हा ताप्तीच्या घाटावरून लोक परत निघाले होते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज देतो. काहीच वाटत नाही, रुपा. सुरतेत होतो तेव्हा माझी मूठ धरली गेली. सिल्वासाला होतो तेव्हाही. एका वर्षी तर मी कुठं आहे हे आईलाही माहीत नव्हतं, रागानं फोन बंद ठेवला होता. तरी माझ्या नावाचे गहू पडले. मी नसतानाही होतो. आणि तू रोज त्या घरात होतीस, चूल, पाणी, बाबांच्या गोळ्या, केळीच्या मळ्यात डबा पोचवणं, आणि तू नव्हतीस. मला काही वाटलं नाही, कारण मला कधी वाटून घ्यावंच लागलं नाही. हे लिहून घेतलं असतंस का? मॅडमनी बरोबरची खूण केली असती का?

काल आईला मी म्हटलं, "या वर्षी तरी रुपाची मूठ धरा."

ती रडली नाही. म्हणाली, "जित्ती होती तेव्हा नाही धरली. आता मेल्यावर कशी धरायची रे? मेलेल्यांची मूठ नसते." आणि मग अगदी हळू म्हणाली, "ती विचारत होती तेव्हा मीपण दारात उभीच होते ना."

खरं आहे तिचं. तुझ्यासाठी आता काही करता येत नाही. फोटोपुढं गहू ठेवले तरी ते फक्त माझ्या मनाच्या समाधानासाठी असतील.

पण वहिनीला मुलगी झाली. पाच महिन्यांची आहे. आईनं सांगितलं, मागच्या वर्षी पोटात असताना जी मूठ धरली होती ती यंदा गळणार. एवढीशी पोर, आणि आत्ताच मोजणीतून बाहेर!

मी शनिवारचं पोचतोय. वचन देतो तुला. मोठे बाबा पाटावर बसले की सगळ्या भाऊबंदांसमोर मी म्हणेन, या पोरीची मूठ धरा. तिची धरणार नसाल तर माझीही धरू नका. ते म्हणतील, बाहेर राहून शहाणा झाला. आई हात जोडेल, कानबाईचा कोप होईल म्हणेल. मला भीती वाटतेय, खोटं कशाला सांगू! कदाचित ते ऐकणार नाहीत. पण या वेळी त्यांच्याबरोबर हसणार नाही मी, रुपा. एवढं नक्की.

तू विचारलंस तेव्हा गप्प न बसता उलटं बोललेला,

तुझा भाऊ
गणेश