तीस अंशांचा उतार

सोमवार, ८ जानेवारी
त्रिकोणमिती सुरू केली. दहा मिनिटांत सुताराच्या मुलीचा हात वर – "बाई, हे कुठे लागतं?" परीक्षेत लागतं, म्हणाले. वर्ग हसला. माझं मलाच खात राहिलं.

बुधवार, १० जानेवारी
सरांकडे गेले. शाळेत मला गणित त्यांनीच शिकवलं. वर्गात बसूच द्यायचे नाहीत! टाकीची सावली मोजायला चला, पुलाचा कठडा मोजायला चला – आम्ही टेप घेऊन मागे पळत. काय दिवस होते!

आता सर चाकांच्या खुर्चीत. दाराबाहेर तीन पायऱ्या. दोघांनी उचलल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. "पोत्यासारखं उचलून घेण्यापेक्षा घर बरं," म्हणाले. फार वाईट वाटलं.

गुरुवार, ११ जानेवारी
सरांच्या पायऱ्यांचंच गणित घातलं! उंची पंचेचाळीस सेंटिमीटर, खुर्चीसाठी फळी टाकायची, उतार तीस अंशांचा, तर फळी किती लांब? नव्वद. सगळ्यांचं बरोबर. मी खुशीत.

तेवढ्यात सुताराची मुलगी उठली – "बाई, एवढ्या उतारावर सर मागे कलंडतील. तीसच का घेतले?"

खरं ते सांगितलं. तीसला उत्तर सुटसुटीत येतं. एकवीस वर्षं मी असल्या उतारांवरून माणसं चढवतेय-उतरवतेय, एकदाही डोळ्यांपुढे आणलं नाही! लाज वाटली.

शनिवार, १३ जानेवारी
तिचे वडील म्हणे उंचीच्या बारापट लांबी धरतात. तक्त्यात पाहिलं – पाच अंशसुद्धा नाहीत. लांबी पाच मीटर चाळीस. आणि सरांचं अंगण चार मीटर! वर्गाचा नुसता बाजार झाला. शेवटी उतार कोपऱ्यातून वळवायचा ठरला, वळणावर खुर्ची फिरण्यापुरती सपाट जागा. घंटा झाली तरी कोणी उठेना. मला आमचाच वर्ग आठवत होता. टाकीखाली आम्ही असेच भांडायचो.

बुधवार, १७ जानेवारी
सुतार फळ्या ठोकतायत, मुलगी टेप धरतेय. सर खिडकीतून दोघांच्या चुका काढतायत.

रविवार, २१ जानेवारी
सर उतरले. एकटे, स्वतः चाकं फिरवत. फाटकापाशी मी सहज विचारलं, "कुठे निघालात, सर?"

थांबले. म्हणाले, "तीन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं."