भिंतीवरून आलेला झेल

उपकेंद्र, ता. एटापल्ली
६ एप्रिल २०२५

प्रिय राजदीपभाऊ,
सप्रेम जयभीम, वि. वि.

इकडचा टॉवर पुन्हा बंद पडला आहे, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरजवळ देते. मोहफुलं वेचायला बाया पहाटेच जंगलात जातात. सकाळी उपकेंद्रात मी आणि पंखा, एवढेच. पंखाही लाईन असली तर.

मागच्या आठवड्यात टेकडीवर चढून आईला फोन लावला. गुडघ्याचं विचारलं, तर ती तुझंच सांगत बसली. म्हणे, राजदीप सांजच्याले सफारीची जिप्सी धुतली का बॉल घेऊन उभा राह्यते आन् मयुरीले ब्याटिंग शिकवते. आई कौतुकानं सांगत होती. मी ऐकून घेतलं आणि टेकडी उतरले. पाय आपटत उतरले, हे खरं.

मला राग नाही भाऊ. पण एक विचारते. मूल गावच्या घरामागे तू मला बॉलिंग करायचास. मी नववीत गेले आणि एक दिवस तू म्हणालास की पोट्टे हासतात, तू आता घरातच राह्य. मी राहिले, परत कधी म्हटलं नाही. मोहर्लीचे पोट्टे हसत नाहीत का? की बायको खेळली तर कोणी हसत नाही, बहीण खेळली तरच हसतात?

आता बातमी ऐक. मूलच्या जयंती समितीनं बायांचा मैत्रीचा सामना ठेवला आहे. बाहेर ऊन जीव घेतं म्हणून राईस मिलच्या रिकाम्या गोदामात खेळायचं. एक टीम आम्हा नर्सबायांची, दुसरी मोहर्लीच्या गाईड बायांची. म्हणजे समोर वहिनी, आणि अंपायर म्हणे तू! वाढायला आपलाच माणूस आहे, पाहू कोणाच्या ताटात काय पडतं ते.

आईचं औषध चुकवू नकोस. वहिनीला जयभीम. बॉलिंगमधून सवड झाली की दोन ओळी बहिणीलाही लिही.

तुझी,
दिव्यानी


मोहर्ली
१४ एप्रिल २०२५

दिव्यानीबाईस,
मयुरीचा सप्रेम जयभीम.

आज जयंती, म्हनून पह्यले जयंतीच्या शुभेच्छा. पत्र तुमच्या भावाच्या नावाचं होतं. ते अंधारातच गाडी घेऊन जंगलाच्या गेटवर गेले, दुपारी आले, जेवले, मंग वाचलं. वाचून हासले आन् म्हनाले का तूच लिही, मले लिहनं जमत नाई. म्हनून मी लिहून राह्यली.

बाई, तुमाले वाटते मी मजेत आहो. एक दिवस येऊन पाहा. माह्या हातून बॉल हुकला का हे म्हनतात, दिव्यानं हा भिंतीले मारला असता. मी मारला तरी म्हनतात, बरा आहे, पन दिव्याचं मनगट वेगळं होतं. तुमचं नाव घेतल्याबिगर एक बॉल पडत नाई. जंगलात मी वाघाच्या पायाचा ठसा पाहून नर का मादी ते सांगतो, टुरिस्ट टाळ्या वाजवतात. घरी आली का मी दुसऱ्या नंबरची. अंगन माहं हाय, पन त्याच्यात खेळून तुमीच राह्यल्या.

तुमाले वाटते मी तुमचा भाऊ नेला. मले वाटते, तुमी माहा नवरा अजून सोडलाच नाई.

अंपायर त्याईले केलं, कारन दोनी टीमले ओळखनारा दुसरा कोनी भेटला नाई. सामना मंगळवारी ठेवला, त्या दिवशी आमचं गेट बंद राह्यते. तुमच्या पह्यल्याच बॉलले भिंत दाखवीन, वाईट मानू नका.

सासूबाई बऱ्या आहेत. त्याईनं तुमच्यासाठी चारोळी बांधून ठेवली आहे. रागावल्या असान तरी घेऊन जा.

तुमची भावजय,
मयुरी


मोहर्ली
२ मे २०२५

दिव्यानीबाईस,
जयभीम.

सामना संपला तवा तुमची टीम तुमाले खांद्यावर घेऊन नाचत होती. सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. म्हनून तोंडातून शब्द काढला नाई. पन तीन दिवस झाले, तोच बॉल डोळ्यापुढं येते, म्हनून लिहितो.

शेवटचा ओवर तुमचा होता, आमाले चार रन पाह्यजे होते आन् आमची एकच विकेट राह्यली होती. तुमी टाकला, मी मारला. बॉल बाजूच्या भिंतीवर आदळला, खाली टप्पा पडला आन् मंग तुमच्या हातात आला. भिंतीवरून सरळ पकडला तर आऊट, जमिनीले लागला तर नाई, हा नियम त्याईनंच सगळ्याईले सांगतला होता. तुमी हात वर करून ‘भाऊ!’ म्हनून ओरडल्या. अंपायरले कोनी भाऊ म्हनते का बाई? आन् त्याईचं बोट वर गेलं.

ते बॉलकडे पाहतच नव्हते. तुमच्याकडे पाहत होते. तसं हासू मी त्याईच्या तोंडावर लग्नातबी नाई पाह्यलं.

घरी आल्यावर मी विचारलं, बॉल लागला होता का नाई. ते म्हनाले, मैत्रीचा खेळ होता, जाऊ दे ना. मी महिनाभर हाताले फोड आनले ते जाऊ द्याले का? तवापासून आमी बोलत नाई. सासूबाई दोघाईच्या मधात बसून जेवतात आन् मीठ मागाचं असलं तरी आमी त्याईलेच सांगतो. गेटवर माही पाळी त्याईच्या जिप्सीवर आली, तर मी दुसरीसोबत बदलून घेतली. आता गेटवरचे सगळे विचारतात काय झालं म्हनून.

मले जिंकल्याची ढाल नाई पाह्यजे. बॉल लागला होता का नाई, तेवढं सांगा. दुसऱ्या कोनाले मालूम नाई, तुमच्या हातालेच मालूम आहे.

मयुरी


उपकेंद्र, ता. एटापल्ली
९ मे २०२५

प्रिय मयुरीवहिनी,
सप्रेम जयभीम, वि. वि.

बॉल जमिनीला लागला होता.

हे पहिल्याच ओळीत लिहिलं, नाहीतर तेंदूपत्त्याच्या, उन्हाच्या, चक्कर येऊन पडणाऱ्या बायांच्या गोष्टी लिहीत राहिले असते आणि पत्र संपलं असतं. टप्पा मला कळला होता. ओरडले ते सवयीनं. लहानपणी अंगणात प्रत्येक बॉलला असंच ओरडायची. भाऊ नाही म्हणेल असं धरूनच ओरडायची, कारण तो कायम नाहीच म्हणायचा. त्या दिवशी बोट वर गेलं, आणि तो हसला. वहिनी, तसा तो माझ्याकडे पाहून किती वर्षांनी हसला! त्याच वेळी सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर ते हसू गेलं असतं. म्हणून मी गप्प राहिले आणि मला खांद्यावर घेऊ दिलं.

ढाल लसींच्या फ्रीजवर ठेवली होती. लस काढायला गेले की ती दिसायची, म्हणून तिच्यावर कापड टाकलं. आमच्या कॅप्टन अन्नपूर्णा सिस्टरना सगळं सांगितलं. त्या आधी चिडल्या. म्हणाल्या, आख्ख्या टीमले चोर ठरवतं का? मग स्वतःच ढाल खाली काढली आणि म्हणाल्या, धाड परत. काल समितीला खरं काय ते लिहून ढाल पाठवून दिली. भाऊलाही कळवा. त्याचं चुकलं, पण माझं जास्त चुकलं.

मात्र यानं मी शहाणी झाले असं समजू नका. मला तुमचा हेवा वाटतोच. तुम्ही भांडलात तरी तो तुमच्यासमोर जेवायला बसतो. माझ्याशी भांडायचं तर त्याला टॉवर लागतो.

वीस तारखेला, मंगळवारी मी येते. तो एक बॉल तुम्हाला परत टाकायचा आहे. आऊट की नाही ते आपण दोघी ठरवू. भाऊला मध्ये घेऊ नका.

आईला नमस्कार. राग शिल्लक असेल तर मी येईपर्यंत राखून ठेवा, तोंडावर द्या.

तुमची,
दिव्यानी


मोहर्ली
३१ मे २०२५

प्रिय दिव्या,
सप्रेम जयभीम.

मले लिहनं जमत नाई. पन घरात आता माहं कोनी आयकत नाई, म्हनून लिहून राह्यलो.

तू मंगळवारी आली, मले वाटलं दोघी माह्यावर तुटून पडान. मी तयारी करून बसलो होतो. तुमी दोघी चहा पिऊन सरळ घरामागं गेल्या. तू बॉल टाकला, मयुरीनं तो शेडच्या टिनावर आदळला. मंग अंधार पडेपर्यंत तुमी थांबल्याच नाई. मी दोनदा येऊन उभा राह्यलो. दोनीबार तू म्हनाली का भाऊ, बाजूले हो, लागन.

त्या दिवशी गोदामात बोट काऊन वर गेलं, हे मयुरीनं मले दहादा विचारलं. तूबी विचारशील. तू ‘भाऊ’ म्हनून ओरडली, एवढंच मले मालूम आहे. बॉल कुठी होता ते आजबी सांगता येत नाई. अंपायर म्हनून मी नालायक होतो, ते मी दोघीपुढं कबूल केलं. तरी तुमी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मयुरी माह्या जिप्सीत पुन्हा बसून राह्यली, ते बरं झालं. पन वाघ दिसेपर्यंत टुरिस्टले ननंदेच्या फिरकीच्याच गोष्टी सांगते. सांजच्याले मी बॉल घेऊन उभा राह्यलो तर म्हनते का तुमचा बॉल सरळ येते, त्यानं हात बिघडते, बाई आल्यावर खेळीन. तुह्या इकडचा टॉवर सुरू झाला का फोन तिच्याच हातात. मी मागतला, तिनं देला, तर तू म्हनतं, भाऊ, बरा हायेस ना, वहिनीले दे.

आईले सांगतलं तर ती हासते. म्हनते, आता तुले समजलं का?

काय समजलं ते मले मालूम नाई. आयकलं का पुढच्या मंगळवारी तू पुन्हा येऊन राह्यली. मले कोनी सांगतलं नाई, चारोळी निवडताना आई बोलून गेली. दिव्या, ये. येताना सांभाळून ये, दुपारच्या उन्हात एसटीत बसू नको. आन् एक ओवर मले टाकू दे. समोर तू उभी राह्य नाई तर मयुरी, मले चालते. सरळ टाकनार नाई, शिकून राह्यलो आहो.

उत्तर माह्या नावानं धाडशील.

तुहा भाऊ,
राजदीप