डाव्या डोळ्याची काच

सोमवार, ३

पोचलो एकदाचा. ताईने वरची खोली झाडूनपुसून तयार ठेवली होती. एक पलंग, एक खुर्ची, आणि खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या लॉन्ड्रीच्या दोऱ्या, त्यांवर पांढऱ्या चादरी. मला एवढं बास. दोन दिवस पाहुणा म्हणून मिरवेन म्हटलं, तर चहा संपायच्या आत तिने मटार सोलायला बसवलं. बरं वाटलं.

ही वही तिनेच दिली. रोज चार ओळी लिही म्हणाली, मनातलं बाहेर पडेल. बायको जाऊन वर्ष होत आलं आणि माझ्या डोळ्यांतून अजून टिपूस आलेलं नाही, याचा तिने घोर घेतलाय. लोक मला दगड म्हणाले, तेही तिच्या कानावर गेलंय. आता येत नाही तर येत नाही, मी काय करू?

माझ्या वाटचं भाची रडते. वय आठ, घरातलं नाव रडूबाई. माझ्या बॅगेची तुटलेली चेन बघून तिच्या डोळ्यांत टच्चकन पाणी आलं. बॅगेला दुखलं असेल म्हणे. मी हसलो, बऱ्याच दिवसांनी.

बुधवार, ५

चष्म्याच्या दुकानात रुजू झालो. काम ओळखीचंच, काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. अठरा वर्षं हेच केलंय. मालक भला माणूस आहे, पण एका बाबतीत कडक. कापलेल्या काचेवर मार्करने ठिपका द्यायचा, तो बाहेरच्या बाजूला. माझ्या जुन्या दुकानात ठिपका डोळ्याच्या बाजूला असायचा. आज दोनदा काच उलटी बसवली. मालक म्हणाले, हाताची खोड सुटायला वेळ लागतो, पण गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही. त्यांचंही खरंच.

शनिवार, ८

पुढच्या रविवारी शाळेत वेशभूषा स्पर्धा आहे. रडूबाई पाणबुड्या होणार. दाजींनी मोठ्या फुग्यावर कागदाचे अकरा थर चिकटवून हेल्मेट केलंय, वरून तांब्याचा रंग. दाजी एकदा फुगवायला लागले की थांबत नाहीत, त्यामुळे ते माझ्याही डोक्यात बसतं. तिच्या मापाला यावं म्हणून आतून फोमच्या पट्ट्या लावल्या. डोळ्यांसमोर वाटीच्या तोंडाएवढी दोन भोकं. तिथे काचा बसवायचं काम अर्थातच मामाकडे.

मालकांनी गॉगलचं प्लास्टिक फुकट दिलं. त्याच्या एका बाजूला आरशासारखा मुलामा असतो, तो बाहेर ठेवायचा. मग आतल्याला सगळं दिसतं आणि बाहेरच्याला नुसतं स्वतःचं तोंड. डावी काच मालकांनी दुकानातच कापून, ठिपका देऊन ठेवली होती. उजवी मी घरी कापली. रबराची कडी, चार-चार स्क्रू, वरून पक्का गोंद. रडूबाई शेजारी बसून सूचना देत होती.

"मामा, घट्ट बसव हं. आत पाणी आलं तर मी बुडेन."

रविवार, ९

पट्ट्या काढून हेल्मेट घालून बघितलं. उजवीकडे खोली दिसली, डावीकडे माझाच डोळा. मालकांचा ठिपका मी जुन्या सवयीने आत घेतला आणि आरसा आतल्या बाजूला आला. वा रे अठरा वर्षांचा कारागीर! गोंद वाळलाय, आता काढायला अर्धा दिवस जाईल.

एक विचित्र गोष्ट. काचेतला डोळा रडत होता. मी खालून बोट घालून माझा चाचपला, कोरडा ठणठणीत. श्वासाची वाफ असणार. उतरवलं तेव्हा डावी काच आतून ओली होती. जीभ लावली तर खारट. दगडाला पाझर फुटला म्हणायचा. मला मात्र हलकं वाटलं.

मंगळवार, ११

वाफ जावी म्हणून हनुवटीखाली सहा भोकं पाडली, काचेला आतून साबण चोळला. तरी ओलीच. कामावरून आलो की घालून बसतो. आधी पाच मिनिटं, आज अर्धा तास. मी डोळा बारीक केला, काचेतला टक्क उघडाच राहिला. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

बायकोचा चेहरा आठवून बघितला. दुसऱ्याच्या अल्बममधल्या बाईसारखा आठवला. ताई म्हणाली, चहात साखर घालायची राहिली, तसाच कसा प्यायलास? मला कळलं नव्हतं.

शनिवारी दुकान अर्धा दिवस असतं. तेव्हा काच बदलेन.

गुरुवार, १३

घरी आलो तर रडूबाई हेल्मेट घालून पायरीवर बसलेली. शाळेतून आल्यापासून काढतच नाही, ताई म्हणाली, दोन तास झाले. मी काढलं. डावी काच थबथबलेली, पोरीचे गाल कोरडे.

मग दारात तिचं बोट चेमटलं. नख काळं पडलं. तिने बोटाकडे बघितलं.

"मामा, दार लागत नाहीये," म्हणाली.

ताई खूश. सुंठीवाचून खोकला गेला म्हणाली, पोरगी शहाणी झाली. ओल्या काचेचं तिला तेव्हाच सांगायला हवं होतं.

शुक्रवार, १४

सकाळी तिने तापलेल्या इस्त्रीवर तळवा ठेवला. वास आला म्हणून ताई धावली. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही. मलम, पट्टी. ताई नळ सोडून मोरीत रडली. आई पाणी का वाया घालवते, असं रडूबाईने मला विचारलं.

मला पोरीची दया येत नाही. यायला हवी, एवढं कळतं. तेवढंच उरलंय.

शनिवार, १५, दुपार

उलट्या काचेतून बाहेरून आत दिसतं. हेल्मेट टेबलावर, रिकामं. तरी काचेमागे एक लहान डोळा. तपकिरी. रडतोय. त्याच्या मागे माझा.

काच काढायला गेलो. एक स्क्रू सैल केला. खालून ताईची किंकाळी — पोरगी बसल्या जागी कोसळली. स्क्रू आवळला. ती उठून बसली. म्हणजे काच काढता येत नाही. फोडणं तर नाहीच.

मग हेल्मेट मीच घातलं. खालून रडणं आलं, मोठ्याने, आई गं हात भाजलाय म्हणून. काढलं — गप्प. पुन्हा घातलं — रडणं. माझा डोळा पुढे आला की तिचा सुटतो.

ताईला सांगितलं, पोरीला कुशीत घेऊन बस आणि काही झालं तरी वर येऊ नकोस. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. तरी बसली.

शनिवार, संध्याकाळ

घातलंय. तीन तास झाले. उजवीकडून वही दिसते. डावीकडे आता एकच डोळा. माझा. तिचा गेला, अख्खा सुटून गेला. खाली ती रडतेय, हसतेय, परत रडतेय. हे चांगलं झालं. लिहून ठेवतो, चांगलं झालं. नंतर मला कळेल न कळेल —

रविवार, १६

काढलं. का घातलं होतं ते मागच्या पानावर आहे. वाचलं. अक्षर माझंच. खरं असेल. काही वाटलं नाही.

ताई चहा घेऊन आली. पोरगी परत मिळाली म्हणाली, खांद्यावर डोकं ठेवून रडली. सदरा ओला झाला. बदलला.

मुलगी सकाळपासून रडतेय — हात दुखतो म्हणून — मामा बोलत नाही म्हणून — मामा बघत नाही म्हणून. आवाज फार आहे. खिडकी लावली. चादरी मोजल्या. तरी येतोच —

स्पर्धा अकराला. हेल्मेट तिचंच आहे. फोमच्या पट्ट्या परत लावल्या. स्क्रू तपासले, घट्ट आहेत. दोन मिनिटं घातलं की शांत होईल.

हाक मारली. मामाने बोलावलं म्हणून जिन्यावरून पळत येतेय. रडायची थांबली. हसतेय. पण पट्ट्या लावून झाल्यात, तेव्हा —