शेवटचे सहा आकडे

४ जानेवारी, रविवार. नल्लकुंटा
नवी वही. पहिल्या पानावर, आजवर या हातांनी केलेलं, आठवेल तसं: शालूचा पोळपाट, शिसवीचा, अजून तसूभरही वाकलेला नाही. मुक्ताचं अभ्यासाचं टेबल, एकही खिळा नाही, सगळं खाचेत बसवलेलं. दुकानातली वजनांची पेटी, चौदा खण. सोनारांच्या काट्यांच्या दांड्या, तीन. मूळच्या तुटल्या, माझ्या चालू आहेत. गॅलरीची जाळी. स्वैपाकघराच्या दाराला खाली मांजरापुरतं दार, दोन्हीकडे उघडणारं. टाकीचं झाकण.
यातलं कुणी शिकवलं नाही. वजनकाट्यांच्या दुरुस्तीचा धंदासुद्धा एक मोडका काटा चारदा खोलून, चारदा जोडून शिकलो. गौलीगुड्यात दुकान टाकून तीस वर्षं झाली.
पुढचं काम: खारीची प्रवासाची पिशवी.

५ जाने.
ते का, ते लिहायचं राहिलं. काल मुक्ताचा जर्मनीहून फोन. खारीला न्यायचं पक्कं म्हणते. मांजर तिचंच. कॉलेजात असताना बेकरीच्या मागून उचलून आणलं, म्हणून नाव खारी. मग लग्न करून गेली आणि मांजर आमच्याकडे राहिलं. दोन वर्षांपूर्वी शालू गेली. आता माझ्याकडे.
"अप्पा, इथे एकटीला घर खायला उठतं."
एकटीला, म्हणाली. जावईबापूंचं नाव गणपतीपासून तिच्या तोंडात नाही. मी विचारलं नाही.
मेमध्ये आठ दिवस येणार, जाताना विमानात पायाशी ठेवून नेणार. आईच्या वेळी आली होती ती पाच दिवस. त्यानंतर हेच.
म्हणालो, नियम पाठव. बाकी माझ्यावर सोड.

७ जाने.
बावीस पानं. छापून आणली, डिक्शनरी घेऊन तीनदा वाचली. सार असं: आधी मांजराच्या मानेत चिप, नंतर रेबीजची लस. उलट झालं तर लस धरत नाहीत. लसीला तीस दिवस झाले की रक्त काढायचं, ते परदेशातल्या मान्य लॅबला जाणार. रक्त काढल्या तारखेपासून पूर्ण तीन महिने थांबायचं. मग इथला सरकारी दाखला, मग विमान.
मु. म्हणाली, "एक जरी चुकलं ना अप्पा, तर तिथूनच परत पाठवतात."
माझ्या हातून नाही चुकायचं.
तारखा मांडल्या. चिप आणि लस १२ जाने. रक्त १३ फेब्रु. मोकळीक १३ मे. मु. येणार १० मेला, परतीचं विमान १८. पाच दिवस हातचे राहतात.

१२ जाने.
बरकतपुऱ्याच्या दवाखान्यात चिप झाली. तांदळाच्या दाण्याएवढी. मग लस, वीस मिनिटांनी. दोन्हींची वेळ डॉक्टरांकडून लिहून घेतली. ते हसले. हसोत.
तिथली मदतनीस यादम्मा खारीचे पाय धरून म्हणते, "लेव अंकल, बिल्ली का आधार कार्ड बन गया!"
नंबर पंधरा आकडी. पहिले नऊ त्यांच्याकडच्या सगळ्या जनावरांचे सारखेच, यादम्माला पाठ आहेत. शेवटचे सहा खारीचे स्वतःचे. ४०१७३८. नंबराचं स्टिकर लसीच्या वहीत चिकटवलं. घरी येऊन एका जाड कार्डावर सहा आकडे टाकाने लिहिले आणि खिशात ठेवले. आकडे मी देवनागरीच लिहितो, दुकानाच्या वहीतसुद्धा. माझ्यासारखा वळणदार १ छापखान्यातही निघत नाही.

२५ जाने., रवि.
पिशवी झाली. मेणकापड, आत कापसाची गादी, तिन्ही बाजूंना जाळी. शालूच्या मशीनवर शिवली, बॉबिन आधी साफ करावी लागली. लांबी-रुंदी-उंची विमानवाल्यांच्या मापाला एकेक सेंटिमीटर कमी. पिशवी १ किलो ४० ग्रॅम, खारी ४ किलो ८६५. मर्यादा आठ. दुकानातल्या काट्यावर दोनदा तोललं.
वरच्या मजल्यावर पुण्याचे भाडेकरू आहेत, दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यातली बाई जिन्यात थांबून बघत होती. "काका, ऑनलाइन रेडीमेड मिळते की!"
"मिळते. तिची शिवण बघा एकदा उलटी करून."
हसली. मग म्हणाली, "आणि ही गेल्यावर तुम्ही काय करणार हो?"
"काटे आहेत की दुकानात."
उत्तर बरं दिलं असं तेव्हा वाटलं.

१३ फेब्रु.
रक्त काढलं. बत्तिसावा दिवस.
दवाखान्यात पोचल्यावर कळलं, स्टिकरवाली वही घरी राहिली. माझी वस्तू घरी राहत नाही. शालू असती तर महिनाभर ऐकवलं असतं.
कार्ड खिशात होतं, भागलं. यादम्माने लॅबचा फॉर्म त्यावरून भरला. माझे आकडे तिला कसे कळणार, विचारून विचारून लिहिलं.
"ये आठ है क्या अंकल?" चार, म्हटलं. "और ये?" सात. "और ये टेढ़ा वाला?" आठ. बाकीचे तिचे तिनेच ओळखले.
"चेक करके सही करो."
तेवढ्यात आतून खारीला आणलं. मानेवरचे केस काढलेले, तिथली कातडी गुलाबी. मला बघून तोंड उघडलं, आवाज काही आला नाही.
सही केली. नमुना रवाना.

२ मार्च
सराव. खारी पिशवीत चाळीस मिनिटं बसते. परवापर्यंत पंचवीसच.
संध्याकाळी मु.चा व्हिडिओ फोन. माझ्याशी दोन मिनिटं, खारीशी अकरा. घड्याळ समोरच होतं म्हणून कळलं, मुद्दाम मोजलं नाही.

१९ मार्च. पाडवा
सकाळीच यादम्मा फोनवर. "हॅपी उगादी अंकल! पास हो गई तुम्हारी बिल्ली!"
रक्तात लसीचा असर किमान अर्धा लागतो, खारीचा दोन पूर्णांक एक. चौपटीच्या वर. मु.ला फोटो पाठवला, तिचा लगेच फोन. रडत होती. "अप्पा, इथे लोक एजंट लावूनसुद्धा अडकतात. तुम्ही एकट्याने केलंत."
तिकीट काढलं तिने. १० ते १८ मे.
अहवाल फाइलमध्ये लावला. गुढीच्या पाटाशी खारी बसून होती, गाठी ओढायला बघत होती. पोळ्या चार केल्या, दोन उरल्या.

१९ एप्रिल, रवि.
मु.ची खोली आवरायला काढली. टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, पाचर मारली. कूलरची गवताची जाळी नवी. आठ दिवसांचं जेवण कागदावर मांडलं: भरली वांगी दोनदा, बगारा बैंगन नको (तिला पित्त होतं), धपाटे, अंबाडीची भाजी. शालूच्या हातचं होणार नाही, पण मापं लिहिलेली आहेत माझ्याकडे.
खारी दिवसभर त्या खोलीतच. ऊन फार.

२९ एप्रिल
विमानतळाजवळच्या जनावरांच्या सरकारी ऑफिसात गेलो. दाखल्याला वेळ आहे अजून, पण फाइल आधी दाखवून ठेवावी म्हणून. त्या डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली. "अंकल, इतनी नीट फाइल कोई नहीं लाता." मग खारीच्या मानेवरून यंत्र फिरवलं, नंबर मोठ्याने वाचला, अहवालावर बोट ठेवलं. पुन्हा फिरवलं.
"ये रिपोर्ट तो दूसरी बिल्ली की है."
मानेत ४०१७३८. अहवालावर 409738.
खिशातलं कार्ड काढून बघितलं. माझा १ आणि त्यांचा 9. एकापुढे एक ठेवले तर जुळे भाऊ.
यादम्माने जे आकडे अनोळखी वाटले ते विचारले. हा ओळखीचा वाटला, म्हणून विचारला नाही.
बाई म्हणाल्या, नंबर जुळत नाही म्हणजे ही तपासणी या मांजराची झालीच नाही. रक्त पुन्हा. तिथून तीन महिने.
येताना बसमध्ये पिशवी मांडीवर. दीड तास खारी गप्प. सराव चांगला झालाय.

३० एप्रिल
दवाखाना. यादम्मा रडकुंडीला. "मेरे कू क्या मालूम अंकल! तुम देख के सही किए ना?"
फॉर्मची प्रत काढून घेतली. खाली माझीच सही. तो 9 चांगला ठळक आहे. दिसला नाही असं म्हणायची सोय नाही.
डॉक्टर म्हणाले, रक्त आत्ता काढू, मांजर घेऊन या. उद्या आणतो म्हणालो.
मु.ला फोन करून सगळं सांगितलं.
"म्हणजे ऑगस्ट."
हो म्हटलं.
"ऑगस्टात सुट्टी नाही मिळत अप्पा. आता एकदम डिसेंबर." मग, "मग मेमध्ये येऊन काय करू?"
आठ दिवसांच्या जेवणाचा कागद घडी करून ठेवला.
थोड्या वेळाने: "अप्पा, रागावू नका, एक विचारते. तुम्ही गॅसचं बटण तीनदा बघता. तुम्हाला हे दिसलं नाही? मुद्दाम तर नाही ना केलंत?"
"माझ्या हातून चूक होत नाही," म्हणालो.
रागात तोंडातून गेलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, काय बोलून बसलो.

१ मे
पुन्हा फोन करून सांगावं की चूकच झाली, निव्वळ चूक. दोनदा नंबर लावला, दोनदा कापला. 'चूक झाली' हे शब्द मी शेवटचे कधी म्हटले, आठवत नाही. शालूला विचारता आलं असतं.
लॅबला ईमेल केलं. माझ्या इंग्रजीत, पण मुद्देसूद. कार्डाचा फोटो जोडला.

४ मे
लॅबचं उत्तर, चार ओळी. नमुना ज्या नंबराने आला त्या नंबराचाच अहवाल, बदल करता येत नाही. बरोबर आहे. मीही केला नसता.
मु.चा नुसता मेसेज: तिकीट रद्द करायला ८ तारखेपर्यंत मुदत आहे, तोवर काही मार्ग निघाला तर कळवा.
'काही मार्ग निघाला तर.' म्हणजे नाही निघाला तर येणार नाही.
खारीला रक्तासाठी नेलं नाही अजून. ऊन उतरू दे.

६ मे
दुकानात काटा घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकाने मार्ग सांगितला. अंबरपेठेत एक माणूस जनावरांचे कागद 'बसवून' देतो. गेलो. शिंप्याच्या दुकानावर एक खोली, दोन पंखे. अहवाल मोबाइलवर मोठा करून बघितला आणि हसलाच.
"बस, इत्ताच? एक आकडे की बात है साब. नौ का एक. लॅबवाला भी नहीं पहचानता."
म्हटलं, खोटा कागद आहे तो.
"झूठ किधर है साब? खून उसीच का, बिल्ली वहीच. झूठा तो अभी है तुम्हारा कागज, मैं तो सच्चा करके देरा."
किंमत सांगितली. विचार करून सांगतो म्हणालो. हे मी का म्हणालो?

७ मे
मु.ला सांगितलं. सांगायला नको होतं. एकदम आवाज बदलला तिचा. "अप्पा, करा ना! पैसे मी पाठवते. रक्त खारीचं, चिप खारीची, मग खोटं काय आहे त्यात?"
त्या माणसाचंच वाक्य. दोघांचंही बरोबर आहे, त्याचाच त्रास.
म्हटलं, बाळा, काटा अचूक तोलत असला आणि त्यावरचा शिक्का खोटा असला, तर तो काटा मी दुकानात ठेवून घेत नाही.
"मी काटा नाहीये अप्पा."
फोन कुणी आधी ठेवला, कळलं नाही.
तिला विचारायचं होतं, जावयाचं काय झालं, रात्री जेवतेस का नीट. राहिलं.

८ मे
तिकीट रद्द करायची शेवटची तारीख. दुकान उघडलं नाही. फाइल सगळी पुन्हा वाचली, पहिल्या पानापासून. बाकी सगळं चोख आहे.
मु.च्या खोलीत खारी कूलरसमोर पसरलेली. मानेवरचे केस परत आले, आता कुठे काढले होते ते सापडत नाही. आज रक्त दिलं तर आठ ऑगस्ट. उद्या दिलं तर नऊ. दवाखाना एक वाजता बंद होतो. पावणेबाराला पिशवी काढून दारात ठेवली, दोनला परत आत नेली.
खोटा कागद माझ्या हातून जाणार नाही, असं मु.ला लिहून पाठवलं. खरं आहे ते. तेवढंच खरं आहे का, असं तिने विचारलं नाही. दोन निळ्या खुणा आल्या फक्त.
पाच वाजता अंबरपेठेवाल्याचा फोन. परवा पस्तीस हजार म्हणाला होता, आज आपणहून तीसवर आला. दोन दिवसांत कागद हातात, अठराचं विमान मिळत होतं. तीस हजार. नको म्हणालो.