राखेतल्या गोळ्या

२८ नोव्हेंबर १९५६, बुधवार

काल लिहिलेलं चुकलं. वहिनीने आईच्या गोळ्या चुलीत टाकल्या, असं मी लिहिलं. तसं मी पाहिलेलं नाही. चाळीमागच्या खड्ड्यात, राखेत दोन गोळ्या दिसल्या — एवढंच खरं. आणि ती राख चुलीची नव्हे. आई खोकून ज्या डब्यात थुंकते, त्यातली. खोटी साक्ष पापच, वहीत दिली तरी.

पण तो डबा वहिनीच ओतते. गोळ्याही तीच देते. मग?

२९ नोव्हेंबर

वहिनीची आधीची दोन पोटातच गेली. आता हा पाचवा महिना. डॉक्टर म्हणाले, आईला क्षय आहे, बाळ झालं की तिच्यापासून लांब ठेवा. आमची खोली एक. लांब म्हणजे कुठे? आई गेली तर जागा होईल, असं वहिनीच्या मनात येत असेल? की ते माझ्याच मनात आलं?

सयाजीदादा कारखान्यातून आला. हातपाय धुताना म्हणाला, "मार्था, आमच्याकडे बुरशीपासून औषध करतात. बुरशीत देवाने माणसाचा जीव वाचवायची सोय ठेवलीय, बघ. आईच्या गोळ्या तेवढ्या चुकवू नका."

मी वहिनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

१ डिसेंबर

वहिनी पहाटे एकटीच विहिरीवर जाते. काही कपडे धुवायला माझ्या हाती देतच नाही. यशोदाबाईंना विचारलं. इथल्या गावातल्या सुईण त्या. "तुला गं कशाला नसत्या चौकश्या? तुजं लगीन व्हायचंय अजून."

म्हणजे त्यांनाही काही ठाऊक आहे.

२ डिसेंबर, नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार

आज गोळी मी दिली. आईने तोंडात टाकली, वर पाणी प्यायली. मी पाठ फिरवली आणि लगेच वळले.

ती डब्यात थुंकत होती. वहिनी नव्हे — आई!

मरियामातेला नवस बोललीय ती. सुनेचं हे लेकरू जगू दे, मी औषध सोडते. "म्हातारीचं दुखणं नाहीतरी वायाच जाणार. वाहिलं तर कामी येईल."

"आई, जीव आपला नाही. मला पाटीवर अक्षर येण्याआधी तूच हे पाठ करून घेतलंस."

"म्हणून तर. ज्याचा त्याला देतेय."

"त्याने मागितला का?"

ती खोकत राहिली. मग जपमाळ माझ्या मुठीत कोंबली. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली. मी हो म्हटलं.

३ डिसेंबर

शपथ मोडणं पाप. गप्प राहून मरू देणं? दुखणं आलं ते देवाला वाहणं वेगळं, औषध थुंकणं वेगळं. मला हे कळतं, आईला पटत नाही. दुपारचीही गोळी राखेत.

४ डिसेंबर

वहिनीला म्हटलं, "तुझ्याबद्दल वाईटसाईट लिहिलं मी. माफ कर."

"त्या वहीत? बरं झालं बाई, मला वाचता येत नाही." हसली. मग भाकरी थापता थापता एकदम रडायला लागली.

५ डिसेंबर

वहिनीने सांगितलं. पोटातलं हेही मूल गेलं, त्याला महिना होत आला. यशोदाबाईंनी सोडवलं तिला. दादाला माहीत आहे. तेव्हापासून ती पोटावर चिंध्या बांधून वावरते. "सासूबाईंना कळलं तर त्या उरायच्या नाहीत गं."

शुक्रवारी, सात तारखेला, फादर आईला ख्रिस्तप्रसाद द्यायला येतील. ऐकल्यावर तिला धरायला ते हवेत. त्यांच्यासमोर गोळी तिच्या तळहातावर ठेवीन आणि सांगेन, ज्याच्यासाठी औषध सोडलंस, ते लेकरू आता नाही.