मागचं पुसायचं नाही

आये, तुझा तो गेम आता फोनवर चालतो. तू खेळलीस तेव्हा तो माझ्या कॉलेजच्या जुन्या लॅपटॉपवर होता. आवाज यायचा नाही, आणि पळणाऱ्या शिपायाला नुसते दोन डोळे आणि एक बंदूक होती. आता त्याला तोंड आहे, टोपी आहे, पाऊल टाकलं की धूळ उडते. सांगलीच्या विश्रामबागेत एका झेरॉक्सच्या दुकानावर आम्ही दोन खोल्या घेतल्यात. मी, कॉलेजातला माझा जोडीदार आणि चित्रं काढणारी एक मुलगी, अशी तिघं तिथं दिवसभर डोकं घालून बसतो. गावात मात्र अजून सगळ्यांना वाटतं की मी गेम खेळतो. थोरल्या भावाने तर परवा पाहुण्यांना तसंच सांगितलं, "त्यो सांगलीत असतो, गेम खेळतो," आणि पाहुण्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मला तिथं तू हवी होतीस. तू त्यांना चांगलं सुनावलं असतंस, आणि मग मला वेगळं.

तुझा पाय मोडला म्हणून हे सगळं झालं. दिवाळी सरली की आपलं बिऱ्हाड आटपाडीकडून कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात उतरायचं. आबा मेंढरांबरोबर पुढं, तू लादलेल्या घोड्याची दोरी धरून मागं. मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा पलूसच्या अलीकडं ओढा उतरताना तू घसरलीस. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. मेंढरं कुणासाठी थांबत नाहीत, तेव्हा आबा पुढं गेले आणि तू माझ्या खोलीवर आलीस. बसून राहायची तुला सवयच नव्हती. दोन दिवसांत तू खाटेवर बसल्या बसल्या माझी सगळी भांडी राखेने घासून नवी केलीस. राख कुठून मिळवलीस ते मला अजून कळलेलं नाही. मग एका सकाळी म्हणालीस, "काय तरी हाताला दे रं. न्हाईतर आशीच उठून चालाय लागीन." माझ्याजवळ देण्यासारखा तो लॅपटॉपच होता. कॉलेजसाठी मी गोळीबाराचा एक गेम करत होतो. शिपाई डावीकडून उजवीकडं पळतो, समोरून दुश्मन येतात, तो गोळ्या झाडत पुढं सरकतो आणि त्याच्याबरोबर सगळा पडदाही सरकत राहतो. बस्स, एवढाच तो गेम.

"ह्यो कुठं निघालाय?" तू विचारलंस.

"पुढं."

"फुडं काय हाय?"

"दुश्मन."

"मग कशापायी निघालाय?"

मी तुला बंदुकीचं बटण दाखवलं तर तू नाइलाजाने दोन-तीनदा दाबलंस आणि हात मागं घेतलास. आपण उतरायचो त्या गावांत घरटी कुणीतरी फौजेत असायचं. रजेवर आलेली पोरं दुधाला तळावर यायची, तेव्हा तू त्यांना जवळ बसवून कुठं असतोस, थंडी किती असते, सगळं विचारून घ्यायचीस. माझ्या शिपायाकडं तू तशीच बघत होतीस. "लय दमलं असंल ते पोरगं," तू म्हणालीस. "ह्याला रजा न्हाई व्हय?" रजा नव्हती. रजेचा विचार कुणी केलाच नव्हता.

गेममधले डोंगर, खड्डे, भिंती मांडायला मी माझ्यापुरतं एक साधन केलं होतं. माऊसने दगड उचलायचा, हवा तिथं ठेवायचा. माती, लाकूड, काटेरी फांद्या, जे लागेल ते घ्यायचं. खेळणाऱ्याच्या हाती ते द्यायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. तू भलतंच बटण दाबून तिथं शिरलीस आणि मग बाहेर यायला तयार होईनास. आधी काट्यांचं कुंपण घातलंस. मग फांद्यांचा आडोसा. मग तीन दगडांची चूल. दुश्मन कुंपणाला अडून पलीकडं नुसत्या उड्या मारत राहिले आणि तू शिपायाला चुलीपाशी उभा करून माझ्याकडं बघितलंस. पुढच्या टप्प्यावर तसाच दुसरा तळ मांडलास. तो मनासारखा झाल्यावर म्हणालीस, "मागल्या तळावर जाऊन येतो आमी," आणि शिपायाला माघारी फिरवलंस. तिथं काही नव्हतं. सपाट माळ. अशा गेममध्ये डाव्या कडेच्या बाहेर गेलेलं सगळं मशीन पुसून टाकतं, म्हणजे पुढच्यासाठी जागा होते. सगळेच तसं करायचे आणि मीही केलं होतं.

"माजी चूल कुठं हाय?"

"पुसली गेली, आये. मागं पडलं की पुसतं ते."

"कोन पुसतंय?"

"मीच तसं लिहिलंय."

तेव्हा तू ज्या नजरेने बघितलंस ती नजर माझ्या चांगली ओळखीची आहे. मी लहान आहे, शाळेला सुट्टी आहे म्हणून तळावर आलोय. पलूसजवळच्या एका रानात खतासाठी आपली मेंढरं बसवून झाली आहेत आणि आज तळ हलायचाय. घोडा लादून झालाय. सगळे निघालेत आणि मी जाता जाता विझलेल्या चुलीच्या दगडाला लाथ घालतो, तो घरंगळत सरीत जातो. तू घोड्याची दोरी थोरल्याच्या हातात देऊन परत येतेस आणि माझ्या पाठीत असा धपाटा घालतेस की मला बोलता येत नाही. "फुडल्या साली आपन येनार न्हाई व्हय? आनि आपल्या आदी कोन आलं, तर त्यानं दगडं हुडकत फिरायचं?" तो काळा दगड मी दोन्ही हातांनी उचलून आणतो, तू तो पायाने जागेवर नीट बसवतेस. आणि खरंच दरसाल ते तीन दगड बाभळीखाली तसेच असायचे. कधी त्यात दुसऱ्या कुणाची राख असायची. शेताचा मालकसुद्धा औत त्यांना वळसा घालून न्यायचा.

त्या दिवशी खोलीत तू धपाटा घातला नाहीस, पाय उचलत नव्हता म्हणून असेल. "माजी चूल मला परत पायजे," एवढंच म्हणालीस. मी मशीनची आठवण किती छोटी असते ते समजावायला लागलो तर म्हणालीस, "मला ते काय सांगू नगंस." चहा केला तो तू परत सरकवलास. मग मी बसलो. कॉलेजात ज्याला पुढचे टप्पे दाखवायचे होते तो मी, तुझं प्लास्टर निघायच्या आत मागचे टप्पे टिकवायला बसलो. जमेना, परत केलं, परत जमेना. एके दिवशी जमलं. तू शिपायाला माघारी नेलंस, कुंपण दिसलं, आडोसा दिसला, चूल दिसली. तू पडद्यावर बोट ठेवून तिन्ही दगड तपासलेस आणि हात बाजूला घेतलेस. "आता बसू दे त्याला."

"त्याला बसता येत नाही, आये."

"मग शिकीव."

शिकवलं. आजही माझ्या गेममध्ये शिपाई चुलीपाशी बसला की त्याच्या अंगात बळ येतं, आणि चूल ज्याची त्याने मांडायची असते. ज्यांना खेळून बघायला दिला त्यांना हे फार आवडतं. कुठून सुचलं म्हणून विचारतात.

पुढल्या साली तू तापात गेलीस. मला अजून राग येतो की बरं वाटत नाही हे तू तळ हलेपर्यंत कुणालाही सांगितलं नाहीस. आबांनाही नाही. मी पोचलो तेव्हा तुझं बोलणं बंद झालं होतं. यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहायला बसलोय ते दुसऱ्याच कारणाने.

बंगळूरच्या एका कंपनीने आमचा गेम घ्यायचं जवळपास ठरवलं होतं. एक अडचण होती. स्वस्तातल्या फोनवर तो काही टप्प्यांनंतर अडकायचा, कारण मागचं सगळं सांभाळत पुढं पळणं त्या फोनला झेपत नव्हतं. थोरल्याच्या फोनवर चालवून बघितला तर फोन इतका तापला की थोरला म्हणाला, "ह्याच्यावर भाकरी टाकू काय रं?" कंपनीने सरळ सांगितलं, मागचं पुसा, गेम हलका करा, मग बोलू. माझा जोडीदार इस्लामपूरचा, डोकं थंड, माणूस सोन्यासारखा. तोही म्हणाला, "गड्या, गोळीबाराच्या गेममदी मागं जातंय कोन? पुसून टाक की. एका दुपारचं काम हाय." काम खरंच एका दुपारचं होतं. ती दुपार मी काही दिली नाही. नाही म्हणालो. मग आमचं इतकं वाजलं की चित्रं काढणारी मुलगी खाली झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसली. "तुज्या हट्टापायी सगळं बुडंल," तो म्हणाला, आणि त्याचं चुकलं होतं असं मला म्हणता येत नाही. कंपनी गेली असती तर खोल्या सोडून तिघांनाही पुण्याला नोकऱ्या शोधाव्या लागल्या असत्या. तरी पण नाही म्हणजे नाही. मी त्याच्याकडं थोडे दिवस मागून घेतले.

ते दिवस वाईट गेले. काही सुचेना म्हणून थोरल्याच्या तळावर गेलो. घोड्याच्या जागी आता छोटा टेम्पो आहे. वहिनी नव्या रानात बिऱ्हाड उतरवत होती, आणि कुठली वस्तू कुठं, हे तिला कुणी सांगायला लागत नव्हतं. चूल इथं, हंडा इथं, कोकरांची जाळी पलीकडं, कालच्या रानात होतं तसंच. मी बांधावर बसून बघत होतो आणि मला एकदम कळलं की मी फोनला उगाच सगळी रानं पाठीवर वाहायला लावत होतो. कुठं काय होतं तेवढंच त्याने ध्यानात ठेवावं, आणि शिपाई मागं वळला की तसं पुन्हा मांडून द्यावं. जेवायलाही न थांबता सांगलीला आलो, वहिनी अजून त्यावरून रुसली आहे. सुरुवातीला सगळा घोळ झाला. कुंपण उलटं मांडलं गेलं, चूल हवेत लटकली, एकदा शिपाईच भिंतीत चिणला गेला. मी पुसत होतो ती फक्त माझी चूक, बाकी काही नाही. शेवटी थोरल्याचा फोन मागवून घेतला आणि जोडीदारासमोर शेवटच्या टप्प्यावरून शिपायाला पहिल्यापर्यंत माघारी चालवत नेलं. एकही तळ हरवला नव्हता. फोन कोमट होता. जोडीदाराने तो हातात घेऊन बघितला. मग म्हणाला, "अजून एकदा मागं जा," आणि तेही बघून झाल्यावर तिघांसाठी चहा सांगायला खाली गेला.

गेम अजून थोडा जड आहे, हे मला माहीत आहे. उद्या तो कंपनीकडं जाईल, कंपनी नाही म्हणू शकते. म्हणू दे. दुसरी बघू, तिसरी बघू, कुणीच घेतला नाही तर आमचा आम्ही लोकांपर्यंत नेऊ. पण डाव्या कडेबाहेर गेलं म्हणून काही पुसायचं नाही, यावर आता जोडीदारही माझ्या बाजूने भांडतो.

हे मी कुठं पाठवणार? तुला वाचता यायचं नाही आणि वाचून दाखवायला तिथं कोण असेल ते मला ठाऊक नाही. इथंच राहू दे. एक मात्र सांगून टाकतो, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. सकाळी कंपनीच्या माणसाचा फोन आला होता. मागं जायची सोय इतकी जरूर आहे का, असं त्याने विचारलं. मी ठासून सांगितलं, खेळणाऱ्यांची तशी मागणीच आहे. किती जणांची, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खुशाल शेकडो म्हणून ठोकून दिलं असतं, पण खरं तर एकट्या तुझीच होती.